गुन्नाररावांच्या गळ्यातला हार

जर्मनीला निघायच्या आदल्या दिवशी मी मंडईजवळच्या एका दुकानात गेलो आणि चंदनाचा चांगलासा हार दाखवा म्हणालो. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "फोटो केवढा आहे?"

"फोटो नाही. माणूस आहे."

"मग तसं सांगा ना," असं म्हणत त्याने वरच्या फळीवरचा दुसरा हार काढला. "सत्काराचा लांब असतो, फोटोचा आखूड. लोक आधी काही बोलत नाहीत, मग बदलून मागायला येतात."

मी त्याला काय सांगणार? ज्या माणसासाठी मी हार घेत होतो, त्याला फोटोचा हार मी दहा महिन्यांपूर्वीच घालून बसलो होतो. आता तोच बदलून द्यायला चाललो होतो.

प्रकरण असं. मी पिंपरीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेला इंजिनियर. आमच्याकडे जर्मन यंत्रं होती, म्हणून कंपनीने मला संध्याकाळच्या वर्गाला घालून जर्मन शिकवलं. तीस वर्षांपूर्वी यंत्र बसवायला आलेला एक जर्मन फिटर जाताना एक पुस्तक विसरून गेला. मुखपृष्ठावर ग्रीसचे डाग होते. लेखक नॉर्वेचा, लिहिणारा तोच आणि चित्रं काढणाराही तोच. आडनावात पोटातून रेघ मारलेला एक 'ओ' आहे. तो मला आजतागायत उच्चारता आलेला नाही, म्हणून मी त्यांना पहिल्यापासून गुन्नारराव म्हणतो.

त्यांच्या प्रत्येक चित्रात रेनकोट घातलेला एक बुटका गृहस्थ असतो. तो सगळीकडे वेळेवर पोचतो, एवढीच त्याची गोष्ट. एका चित्रात तो केकचा खोका घेऊन मित्राच्या बंद दारासमोर उभा आहे आणि दारावर चिठ्ठी आहे, 'आम्ही तुमच्याकडे गेलो आहोत.' खाली गुन्नाररावांचं एकच वाक्य: 'वेळेवर पोचल्याबद्दल त्याला कोणी दोष देऊ शकणार नाही.' कंपनीच्या बसमध्ये हे वाचताना मी एवढ्या मोठ्याने हसलो की पुढच्या सीटवरचे स्टोअरकीपर उठून दुसरीकडे बसले.

मी त्यांचे लेख मराठीत आणायला लागलो. दर वर्षी एक, आमच्या नेहमीच्या दिवाळी अंकासाठी. अंक निघाला की एक प्रत मी गुन्नाररावांना पाठवायचो आणि नाताळच्या सुमाराला त्यांचं पोस्टकार्ड यायचं. त्यावर दोन ओळी आणि एक चित्र. पहिल्या वर्षीच्या चित्रात रेनकोटवाला आमचा अंक उलटा धरून गंभीरपणे वाचत होता. हळूहळू महाराष्ट्रात गुन्नाररावांवर अधिकारवाणीने बोलणारा मी एकटाच माणूस झालो. ऐकणाराही बहुतेक वेळा मी एकटाच असायचो, पण अधिकार तो अधिकारच.

मग पोस्टकार्डं थांबली. एक वर्ष झालं, दुसरं झालं. तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या तोंडावर, आदल्या वर्षी पाठवलेला अंक 'या पत्त्यावर कोणी नाही' असा शिक्का घेऊन परत आला. त्याच आठवड्यात संपादकांचा फोन आला, "देवधर, या वर्षी काहीतरी वेगळं द्या. चार दिवसांत." मी तो शिक्का पाहिला, डोळे पुसले आणि मृत्युलेख लिहायला बसलो.

चौकशी करता आली नसती का? आली असती. माझी मुलगी मृणाल तिथे वाल्डॉर्फला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. तिला एक फोन पुरला असता. पण चारच दिवस होते, आणि खरं सांगायचं तर लेख फार छान जमत चालला होता. मी गुन्नाररावांना त्यांच्या जन्मगावी, समुद्राकडच्या खिडकीपाशी, झोपेत शांतपणे जाऊ दिलं. सगळा गाव कंदील घेऊन निरोपाला आला, असंही लिहिलं. अंकाच्या चित्रकाराने गुन्नाररावांनी स्वतःच काढलेलं त्यांचं व्यंगचित्र घेतलं, त्याला चौकट काढली आणि चौकटीला झेंडूचा हार घातला. लेख वाचून लोकांनी फोन केले. एका बाईंना तर बोलवेना. तीस वर्षांत माझ्या लिखाणाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती.

संपादकांनी रिवाजाप्रमाणे एक भेट अंक गुन्नाररावांच्या जर्मन प्रकाशकाच्या पत्त्यावर धाडून दिला. मेलेल्या माणसाला भेट अंक पाठवणारे ते जगातले एकमेव संपादक असावेत. फेब्रुवारीत मला पोस्टकार्ड आलं. 'मी घर बदललं, कळवायचं राहून गेलं. फुलांची माळ फार सुंदर आहे, एवढा मान मला कोणी दिला नव्हता. पान चौकटीत घालून भिंतीवर लावलं आहे. सप्टेंबरमध्ये मी पंच्याऐंशीचा होतो, इथल्या ग्रंथालयाने कार्यक्रम ठेवला आहे. तुम्ही या आणि काय लिहिलं आहे ते आम्हाला वाचून दाखवा.' खाली सही. पहिल्यांदाच, कार्डावर चित्र नव्हतं.

"अहो, आता जा आणि सांगून या," आमच्या सौ. म्हणाल्या. "जिवंत माणसाला हार घातलात, निदान जिवंतपणी माफी तरी मागा."

फ्रँकफर्टला विमान उतरलं तेव्हा बाहेर स्वच्छ ऊन होतं. पासपोर्ट तपासणाऱ्या तरुणाने प्रवासाचं कारण विचारलं. मी म्हणालो, "वाढदिवस." त्याने कोणाचा म्हणून विचारलं. मी 'एका लेखकाचा' म्हणालो आणि पुढे काही सांगायच्या आत त्याने शिक्का मारला.

मृणालच्या घरी दोन दिवस शीण काढला. वाल्डॉर्फ हे गाव इतकं नीटनेटकं आहे की तिथे मला खिशातला रुमालसुद्धा चुरगळलेला असल्याची लाज वाटायला लागली. मृणालला माझी अडचण ही अडचणच वाटेना.

"बाबा, तू सरळ मेल करून सांगून टाक ना. आल्झो (म्हणजे 'तर मग'), इतकं काय त्यात! इथल्या लोकांना डायरेक्ट बोललेलं आवडतं."

"ते नॉर्वेचे आहेत."

"मग इनडायरेक्ट सांग."

ती माझ्याबरोबर येऊ शकत नव्हती. त्याच दिवशी सरकारी कचेरीत तिचा टेर्मिन (आधी ठरवून घेतलेली वेळ) होता, आणि इथे टेर्मिन सोडायचा विचार लोक आजारपणातही करत नाहीत. माझं जर्मन कारखान्यातलं. नटबोल्ट आणि बेअरिंगबद्दल मी तासभर बोलू शकतो, पण जर्मन भाषेत माफी मागायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ते काम आमच्याकडे विक्री विभाग करत असे. शेवटी मृणालने मला चार वाक्यं लिहून दिली आणि ती मी पाठ करायला घेतली.

सत्काराला शाल आणि हार होता, श्रीफळ राहिलं होतं. जवळच्या सुपरमार्केटात नारळ मिळाला, पण तुळतुळीत, शेंडीचा मागमूस नाही. भोवती करवतीने नेमकी खाच पाडलेली, म्हणजे गिऱ्हाइकाला फोडायला त्रास नको. इंजिनियर म्हणून मला ती खाच फार आवडली. ब्राह्मण म्हणून नारळाची दया आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कायझर्सलाउटर्नला निघालो. हायडेलबर्गला गाडी बदलायची होती आणि ती मी बरोबर बदलली, हे मुद्दाम नमूद करतो. नॉयश्टाट सोडल्यावर डोंगर सुरू झाले. बोगदा, मग गर्द झाडी, मग पुन्हा बोगदा. पानांच्या कडा नुकत्या पिवळ्या पडत होत्या. समोर एक आजीबाई बसल्या होत्या, पायाशी कुत्रा. कुत्रा माझी पिशवी हुंगायला लागला.

"काय आहे त्यात?" आजीबाईंनी विचारलं.

"नारळ."

"खायला?"

"नाही. सन्मान करायला."

आजीबाईंनी थोडा वेळ विचार केला. "आमच्याकडे वाइनची बाटली देतात," त्या म्हणाल्या, आणि कुत्र्याला जवळ ओढून घेतलं. पुढच्या बोगद्यात मी मृणालची चार वाक्यं पुटपुटत होतो, ते पाहून त्यांनी जागाच बदलली. माझ्या प्रवासात गुन्नाररावांमुळे जागा बदलणाऱ्या त्या दुसऱ्या.

बानहोफवर (रेल्वे स्थानकावर) मला न्यायला प्रज्ञा आली होती. ही नागपूरची मुलगी, इथल्या एका संशोधन संस्थेत काम करते आणि गुन्नाररावांच्या वरच्या मजल्यावर राहते. कार्डात त्यांनी तिचा फोन दिला होता, 'वर तुमच्या देशाच्या एक डॉक्टरबाई आहेत' म्हणून. ती चालता चालता अचानक थांबली.

"काका, एक विचारू? तो हार... तो तुम्ही मुद्दाम घातला होता का?"

"गेले असं वाटलं होतं गं."

"तेच म्हटलं मी! मार्चमध्ये त्यांनी मला चहाला बोलावलं आणि भिंत दाखवली. म्हणे, तुमच्याकडे लेखकाला किती मान! सहा महिने झाले, रोज ठरवते आज सांगू. पण ते त्या चित्राकडे असे बघतात ना, की माझ्यानं नाही सांगणं झालं."

"लेख वाचून मागितला असेल?"

"तीनदा. मी म्हटलं, फार साहित्यिक मराठी आहे, मला झेपत नाही." ती हसली. "कोर्टात गेलं तर आपण दोघंही आत."

घर जुन्या तिमजली इमारतीत होतं. दुसऱ्या मजल्यावर गुन्नाररावांच्या दाराच्या मुठीला लाकडी पाटी लटकत होती. या आठवड्यात जिना झाडायची पाळी त्यांची, असा तिचा अर्थ. प्रज्ञाने सवयीने पाटी काढून काखेत मारली. "त्यांची पाळी मीच करते. रेनाटेआजी गेल्यापासून त्यांना काही सुधरत नाही." रेनाटे म्हणजे त्यांची जर्मन बायको. कधीकाळी नॉर्वेला सहलीला गेलेली शिक्षिका. तिच्यामागे गुन्नारराव इकडे आले, हे मी माझ्या लेखात लिहिलं होतं. ती गेली हे मला माहीत नव्हतं. तीन वर्षं झाली होती.

मी प्रज्ञाच्या हातून झाडू घेतला. मोठेपणा वगैरे काही नाही, माफी मागण्यापेक्षा झाडणं सोपं वाटलं. वरपासून खालपर्यंत पायऱ्या झाडल्या. तळमजल्यावरच्या बाई दार उघडून पाहत होत्या.

"कोपरेसुद्धा," त्या म्हणाल्या.

मी कोपरे झाडले आणि परत वर आलो, तर गुन्नारराव दारात उभे होते. उंच, वाकलेले, लोकरीचा स्वेटर, भुवया पांढऱ्या. त्यांनी माझ्या हातातल्या झाडूकडे पाहिलं, मग प्रज्ञाकडे पाहिलं.

"ह्यांना मी वाचायला बोलावलं होतं," ते म्हणाले.

आत बैठकीच्या खोलीत, बरोबर सोफ्यासमोर, ते पान होतं. चांगली लाकडी चौकट, वर छोटा दिवा. मराठी मजकूर, मध्ये गुन्नारराव आणि त्यांना झेंडूचा भरगच्च हार. मला क्षणभर वाटलं, खाली उदबत्ती लावायची तेवढी राहिली आहे.

खिडकीशी त्यांचं चित्रांचं टेबल होतं. त्यांची काम करायची पद्धत मला पुस्तकांतून माहीत होती. रेघ एकदाच मारायची, खोडायचं नाही. चित्र झालं की आठ दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. आठ दिवसांनी पाहिल्यावर हसू आलं तर फाडून टाकायचं. रेनकोटवाल्याची कीव आली तर छापायला द्यायचं. मी भिंतीकडे तोंड केलेली चित्रं शोधली. एकही नव्हतं. टेबलावर औषधांचे खोके होते आणि दौतीतली शाई वाळून तिला भेगा पडल्या होत्या.

प्रज्ञाने बटाट्याचं सूप आणि त्याबरोबर प्लमचा केक मांडला. हे दोन्ही इकडे एकत्र खातात, एक घास तिखटमिठाचा, एक गोड. पहिल्या घासाला मी दचकलो, तिसऱ्याला मागून घेतलं. पुरणपोळीबरोबर कटाची आमटी ओरपणाऱ्याने नाक मुरडायचं कारण नव्हतं.

"वाचा," गुन्नारराव म्हणाले. "संध्याकाळच्या आधी मला एकट्याला ऐकायचं आहे."

मी अंक उघडला. त्यांचं बालपण, वडील फेरीबोटीवर तिकिटं फाडायचे, गुन्नारराव पोरवयात होड्यांवर नावं रंगवायचे आणि एकदा चुकीच्या होडीवर चुकीचं नाव रंगवल्यामुळे त्यांना पहिली विनोदी गोष्ट सुचली, हे सगळं मी जर्मन करत वाचलं. रेनकोटवाल्याबद्दल वाचलं. नॉर्वेचे लोक त्यांना जर्मन झालेला समजतात आणि जर्मन लोक नॉर्वेचाच, हे वाचलं तेव्हा ते हसले. मग मी अंक मिटला आणि म्हणालो, "असं आहे."

गुन्नारराव उठले, भिंतीजवळ गेले आणि चौकटीतल्या पानावर बोट ठेवलं. "लेख चार पानांचा आहे. तुम्ही दीड पान वाचलं."

प्रज्ञा बशा उचलून स्वयंपाकघरात गेली. तिने तिथे नळ मोठा सोडला.

मृणालची चार वाक्यं एकही आठवेना. "आमच्याकडे," मी सुरुवात केली, "माणसाच्या गळ्यात हार घालतात तेव्हा तो मान असतो. चित्राला घालतात तेव्हा..."

"तेव्हा?"

"माणूस गेलेला असतो."

ते चौकटीकडे बघत राहिले. नळही बंद झाला. मला आयुष्यात एवढी लाज कधी वाटली नव्हती. माणसाने सात महिने रोज दिवा लावून स्वतःचा मृत्युलेख पाहिला होता, आणि तो मी लिहिला होता.

"मी कधी गेलो?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दिवाळीच्या आधी."

"कशाने?"

"झोपेत. शांतपणे."

"झोपेत?" त्यांनी भुवया वर केल्या. "तीन वर्षं मला धड झोप नाही. कुठे?"

"तुमच्या गावी. समुद्राकडच्या खिडकीपाशी."

"समुद्र मला सोसत नाही. लहानपणापासून ओकाऱ्या होतात. आणि निरोपाला कोण आलं होतं?"

"सगळा गाव. कंदील घेऊन."

येऊन सोफ्यावर बसले. मग म्हणाले, "ग्रंथालयाच्या बाईंनी आज तीस खुर्च्या मांडल्या आहेत. त्यांना भीती आहे की बारा भरतील."

त्यांनी उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता, कपातल्या चहावर लहर उठावी एवढा. "रेनाटे गेली, त्याच हिवाळ्यात हे सुरू झालं. तेव्हापासून एक रेघ मारलेली नाही. तुम्हाला कार्ड लिहायला घेतलं की खाली चित्राची जागा मोकळी राहायची. मग कार्डच पाठवलं नाही. तुमचा फार मोठा दोष नाही, हेर (म्हणजे श्रीयुत) देवधर. बातमी थोडी लवकर आली, एवढंच."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

"राहिलेली अडीच पानं वाचा आता," ते म्हणाले. "आणि संध्याकाळी सगळी चार."

वाचून झाल्यावर त्यांनी माझी पिशवी उघडायला लावली. नारळाची खाच त्यांनी बोटाने तपासली. मग चंदनाचा हार हातात घेतला आणि भिंतीवरच्या चित्राशी धरून पाहिला.

"हा लांब आहे."

"हा गळ्याचा. फोटोचा आखूड असतो."

"म्हणजे प्रश्न फक्त मापाचा होता," गुन्नारराव म्हणाले आणि हार नीट घडी घालून खोक्यात ठेवला.

ग्रंथालयाच्या दाराशी कार्यक्रमाची जाहिरात लागली होती. गुन्नाररावांनीच हौसेने दिलेलं चित्र, चौकट आणि हारासकट, आणि वर मोठ्या अक्षरात 'पंच्याऐंशी वर्षं'. प्रज्ञाने विद्यापीठातले सहासात मराठी विद्यार्थी गोळा करून आणले होते. ते जाहिरातीसमोर आले आणि थबकले. एकाने टोपी काढली.

"शिट, कधी गेले?" त्याने हळूच विचारलं.

"या, या, सफरचंदाचा रस घ्या," मागून गुन्नाररावांनी त्याच्या हातात ग्लास दिला. मुलाने ग्लासाकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि रस एका घोटात संपवला.

ग्रंथालयाच्या बाईंना मी कबुली दिली की मी वाचणार तो मृत्युलेख आहे. वाढदिवसाला असं वाचलेलं चालेल का? त्यांनी कार्यक्रमपत्रिका काढली, त्यावरून बोट फिरवलं.

"पंधरा मिनिटांत बसेल का?"

"बसेल."

"मग हरकत नाही," त्या म्हणाल्या.

तीसपैकी तेवीस खुर्च्या भरल्या. त्यातल्या सात आपल्या. मी उभा राहिलो आणि आधी हाराची गोष्ट सांगितली, फोटोचा कोणता आणि गळ्याचा कोणता. जर्मन मंडळींच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. हसायचं की दुःख व्यक्त करायचं, याचा नियम त्यांना माहीत नव्हता. मी वाचत गेलो. माझं कारखान्यातलं जर्मन, त्यामुळे गुन्नाररावांचा विनोद यंत्राच्या सुट्या भागांच्या यादीसारखा ऐकू येत असणार. 'आणि झोपेत, अतिशय शांतपणे' या शब्दांपाशी आलो तेव्हा पहिल्या रांगेतून गुन्नाररावांनी हात वर केला.

"हरकत आहे," ते म्हणाले. "अजिबात शांतपणे नाही. खालच्या बाई टीव्ही मोठ्याने लावतात."

खालच्या बाई तिसऱ्या रांगेत होत्या. त्याच पहिल्यांदा हसल्या. मग सगळी खोली हसली, आपली मुलं मांडीवर हात आपटून हसली, आणि पुढे प्रत्येक चुकीला गुन्नारराव हात वर करत गेले. समुद्र, खिडकी, सगळं त्यांनी दुरुस्त केलं. कंदील घेऊन आलेल्या गावापाशी मात्र मी थांबून पाहिलं, तर हात वर झाला नाही. ते मागे वळून खुर्च्या मोजत होते.

शेवटी मी शाल घातली, नारळ दिला आणि चंदनाचा हार त्यांच्या गळ्यात घातला. खाली बेंबीपर्यंत आला. माप बरोबर होतं.

निघायच्या दिवशी त्यांनी मला जाड पुठ्ठ्याचं पाकीट दिलं. वर लिहिलं होतं, 'आठ दिवस उघडू नये. भिंतीकडे तोंड करून ठेवावे.' मी फ्रँकफर्टच्या विमानतळावर, विमानात आणि पुण्याच्या घरी ते पाळलं. सौ. रोज विचारायच्या, "अहो, उघडा ना." मी नाही म्हणायचो. नवव्या दिवशी सकाळी उघडलं.

चित्रात भिंतीवर एक रिकामी चौकट आहे. तिला झेंडूचा हार तसाच आहे. खाली रेनकोटवाला चौकटीतून बाहेर पडून, नारळ काखेत मारून, जिना झाडतो आहे. कोपरेसुद्धा. रेघ सगळीकडे थरथरलेली, झाडू तर इतका थरथरतो की खरंच झाडतोय असं वाटतं. कुठेही खोडलेलं नाही. मला हसू आलं, आणि मग त्या रेनकोटवाल्याची कीवही आली. त्यांच्या नियमाने त्याचं काय करायचं ते कळेना.

दिवाळी अंक छपाईला जाणार होता. मी चित्र आणि खुलासा घेऊन संपादकांकडे गेलो. चूक कशी झाली, कोणाची झाली, सगळं सरळ लिहिलं होतं. खुलासा त्यांनी बाजूला ठेवला. "कशाला, देवधर? लोक विसरलेत. किती सुंदर लेख होता तो." मग चित्र उजेडाला धरलं. चष्मा वर केला, खाली केला.

"कल्पना झकास आहे. पण रेघ फार हललीय हो. आमच्या आर्टिस्टकडून जरा सरळ करून घेऊ का?"

"हात लावायचा नाही," मी म्हणालो. "चित्रकार हयात आहेत. त्यांना विचारावं लागेल."